नियती, श्रद्धा आणि 'केऑस' : मराठी चित्रपटाच्या इतिहासाच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

विज्ञानातील काही संज्ञा आपल्या मूळ क्षेत्राच्या सीमा ओलांडून साहित्य, कला आणि लोकव्यवहार यांत स्थिरावतात. सापेक्षता, उत्क्रांती, सुप्त मन या संज्ञांचे असे झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस 'केऑस थिअरी' ही त्यांच्या पंक्तीत जाऊन बसली. एका फुलपाखराने पंख हलविले आणि दूरदेशी वादळ उठले, हे तिचे लोकप्रिय रूप होय. चित्रपटसृष्टीने ते विशेष आवडीने स्वीकारले. चित्रपटाच्या कथानकाला योगायोगाची गरज नेहमीच भासत आली आहे. त्या योगायोगाला आता शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटू लागले. भारतीय प्रेक्षकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. प्रत्येक घटना दुसऱ्या घटनेशी बांधलेली आहे, हे विधान त्याला कर्मविपाकाची आठवण करून देणारे होते. त्यामुळे आधुनिक विज्ञानाने दैववादावर शिक्कामोर्तब केले, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो.

प्रस्तुत लेखात हा समज मराठी चित्रपटाच्या इतिहासातील काही निवडक कृतींच्या आधारे तपासला आहे. समग्र सर्वेक्षण करणे हा येथे हेतू नाही. नियतीचा शब्द कोण उच्चारतो आणि तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न या कृतींना विचारला असता काय हाती लागते, ते पाहावयाचे आहे. लेखाच्या उत्तरार्धात नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा आणि नर्मदाकाठ यांचा विचार येतो. कारण हा प्रश्न जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासाशी थेट निगडित आहे.

संज्ञेचा प्रश्न

पिएर सिमाँ लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ मध्ये एक कल्पना मांडली. विश्वातील प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावर कार्य करणारी बले ज्ञात असलेली एखादी बुद्धी अस्तित्वात असेल, तर तिला भूत आणि भविष्य दोन्ही वर्तमानाइतकेच स्पष्ट दिसतील, असे त्याचे प्रतिपादन होते. या कल्पनेत दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत : सर्व काही ठरलेले असणे आणि ते आधी कळणे. या दोहोंची गाठ सुटू शकते, हे आंरी प्वँकारे याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खगोलीय गणितातून दाखविले. पुढे अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ याला १९६१ मध्ये त्याचा प्रत्यक्ष प्रत्यय आला. संगणकावर हवामानाचे गणित पुन्हा चालविताना त्याने ०.५०६१२७ या संख्येऐवजी ०.५०६ एवढीच संख्या भरली. समीकरणे तीच, यंत्र तेच. तरी काही काळानंतर दोन्ही उत्तरे एकमेकांपासून पूर्णपणे दुरावली. १९६३ च्या शोधनिबंधात त्याने याचे गणित मांडले आणि डिसेंबर १९७२ मधील व्याख्यानाच्या शीर्षकात ब्राझीलमधील फुलपाखरू आणि टेक्सासमधील वादळ यांची जोडी प्रथम अवतरली.

या शोधाचे मर्म असे की, एखादी व्यवस्था काटेकोर नियमांनी बांधलेली असूनही तिचे दूरचे भविष्य सांगता येत नाही, कारण आरंभीच्या अवस्थेतील सूक्ष्म फरक कालांतराने प्रचंड होतो. दैववादाची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. मधले मार्ग कितीही बदलले तरी शेवट तोच येतो, असे दैववाद मानतो. कंसाने कितीही उपाय केले तरी कृष्ण जन्मतोच. म्हणजे दैववादात आरंभ कसाही असो, अंत अढळ असतो. केऑसमध्ये आरंभ रेसभर हलला तरी अंत दुसराच होतो. मराठीत या दोन्ही भूमिकांसाठी पुष्कळदा 'नियतिवाद' हा एकच शब्द योजला जातो आणि गैरसमजाचे मूळ काही अंशी तेथेच आहे. 'केऑस'साठी रूढ झालेले 'अव्यवस्था' किंवा 'गोंधळ' हे शब्दही फारसे उपकारक नाहीत. (देवीचा गोंधळ मात्र विधी म्हणून अत्यंत नियमबद्ध असतो. या अर्थाने तो शब्द नकळत समर्पक ठरतो, ही गोष्ट वेगळी.)

आणखी एक मुद्दा येथेच नोंदविणे आवश्यक आहे. फुलपाखराच्या पंखांनी वादळ उठू शकत असेल, तर त्याच पंखांनी उठू पाहणारे वादळ टळूही शकते, हे लॉरेन्झने त्याच व्याख्यानात स्पष्ट केले होते. अमुक वादळ अमुक फुलपाखराने आणले असा शोध मागे जाऊन लावता येत नाही. चित्रपट नेमका हाच शोध लावतात. के. एस. रविकुमार दिग्दर्शित आणि कमल हासन यांनी दहा भूमिका केलेला 'दशावतारम्' (२००८) हा तमिळ चित्रपट बाराव्या शतकात समुद्रात बुडविलेल्या विष्णुमूर्तीपासून आरंभ करून २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीपर्यंत येतो आणि फुलपाखराचा दाखला देतो. त्याची रचना चातुर्यपूर्ण आहे. परंतु घटना घडून गेल्यावर मागे वळून साखळी जोडणे हे पुराणकथेचे तंत्र आहे, केऑसचे नव्हे. मराठी विज्ञानसाहित्यात जयंत नारळीकर यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना चाटून जाणाऱ्या एका गोळीच्या आधारे इतिहासाचा दुसरा फाटा रंगविला, तेव्हा त्यांनी अधिक सावध मार्ग पत्करला होता. तेथे दोन्ही शक्यता शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि कोणतीही एक 'लिहिलेली' असल्याचे भासविले जात नाही.

फाळके ते प्रभात : परीक्षा, चमत्कार आणि घड्याळ

भारतीय चित्रपटाचा आरंभच श्रद्धेच्या प्रांतात झाला. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण कधी अवतरतील या विचाराने त्यांना पछाडले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याआधी वाटाण्याचे बी रुजून रोप वाढताना दाखविणारी एक छोटी फीत त्यांनी तयार केली होती. एका खेळाला लागलेली हजेरी आणि तीतून उभा राहिलेला एक उद्योग, हे उदाहरण फुलपाखराच्या पुरस्कर्त्यांना मोहविणारे आहे. परंतु छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग यांत फाळके यांनी आधीच घालविलेली वर्षे विसरून तो मोह पत्करणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही.

हरिश्चंद्राच्या कथेत दैव नाही, परीक्षा आहे. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या बोलपटातही तीच कथा पुन्हा आली. राजा प्रत्येक टप्प्यावर वचन मोडू शकतो आणि तो मोडत नाही, एवढाच तिचा गाभा आहे. त्यामुळे येथे श्रद्धा ही भविष्याच्या ज्ञानावर उभी नाही. पुढे काय होणार हे राजाला ठाऊक नसते. संतपटांतील श्रद्धेचे स्वरूप याहून निराळे आहे. दामले आणि फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाने मुंबईत वर्षभराहून अधिक काळ गर्दी खेचली आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात तो गौरविला गेला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम चमत्कार मागत नाही, चमत्कार त्याच्याकडे येतात. खरी गंमत गौरी यांनी साकारलेल्या जिजाईत आहे. मुलगा आजारी पडल्यावर ती पायातले पायताण हाती घेऊन थेट विठोबाला जाब विचारण्यास देवळात जाते. देवाशी भांडण मांडणारी ही बाई दैवाला शरण गेलेली नाही, आणि तिला अश्रद्धही म्हणता येत नाही. महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेत श्रद्धा आणि दैववाद यांत किती अंतर आहे, हे दाखविण्यास जिजाईचे हे एक दृश्य पुरेसे आहे.

प्रभातच्या सामाजिक चित्रपटांत दैवाचा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडी येतो. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेला 'कुंकू' (१९३७) यादृष्टीने महत्त्वाचा आहे. वृद्ध काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मनाने स्वीकारण्यास नकार देते. या घरात लंबकाचे एक जुने घड्याळ आहे आणि ते चित्रपटात वारंवार दिसते, ऐकूही येते. पार्श्वसंगीताचा वापर टाळलेल्या या चित्रपटात असे आवाज विशेष जाणवतात. लाप्लासच्या विश्वाचे लोकप्रिय रूपक घड्याळच होते. किल्ली दिली की यंत्र ठरल्याप्रमाणे चालते. 'कुंकू'मध्ये मात्र घरातील प्रत्येक माणूस नीरेने काय करावे हे ठरवून बसलेला आहे आणि ती एक साधा नकार देते. तेवढ्याने काकासाहेबांच्या आयुष्याची सारी मांडणी बदलते. अखेरीस ते आपले जीवन संपवून तिला मोकळे करतात. तिचे 'नशीब' म्हणून जे सांगितले जात होते, तो काही माणसांनी केलेला व्यवहार होता, हे शांता आपटे यांच्या अभिनयातून निःसंदिग्धपणे पुढे येते.

खानोलकर आणि भाकिताची समस्या

मराठी साहित्यात नियतीच्या प्रश्नाने चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०-१९७६) यांच्याइतके क्वचितच कोणी झपाटलेले असेल. त्यांच्या 'कोंडुरा' या कादंबरीवरून श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची कृती म्हणजे त्यांच्या 'कालाय तस्मै नमः' या नाटकावर आधारलेला अमोल पालेकर यांचा 'अनकही' (१९८५). चित्रपटाची भाषा हिंदी असली तरी त्याचा पिंड मराठी आहे. जयदेव यांचे संगीत आणि भीमसेन जोशी यांचे गायन यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभले. चर्चा बहुधा तेथेच थांबते.

श्रीराम लागू यांनी साकारलेला ज्योतिषी हा भोंदू नाही. तो विद्वान आहे, प्रामाणिक आहे आणि त्याची भाकिते खरी ठरत आली आहेत. आपल्या मुलाची पहिली पत्नी बाळंतपणात दगावेल, असे त्याच्या गणितातून निघते. मुलगा नंदू (अमोल पालेकर) याचे सुषमावर (देविका मुखर्जी) प्रेम आहे. तेव्हा सुषमेला वाचविण्याचा एक मार्ग पुढे येतो : नंदूने आधी दुसऱ्या मुलीशी लग्न करावे. ही दुसरी मुलगी म्हणजे मानसिक उपचारांसाठी खेड्यातून शहरात आलेली भोळी इंदू. तिला यातले काही ठाऊक नाही.

भाकीत खरे ठरते की खोटे, या उत्सुकतेवर चित्रपटाचे कथानक चालते; पण त्याचे वजन अन्यत्र आहे. हवामानशास्त्रज्ञाने पावसाचा अंदाज वर्तविला तर ढग तो ऐकत नाहीत. मृगाचे वाहन पंचांगात बेडूक लिहिले काय किंवा गाढव लिहिले काय, वाऱ्याची दिशा त्यामुळे बदलत नाही. माणूस मात्र आपले भाकीत ऐकतो आणि ऐकल्याबरोबर वेगळा वागू लागतो. भाकीत हे भविष्याचे चित्र न राहता भविष्य घडविणाऱ्या कारणांपैकी एक कारण होऊन बसते. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये स्वतःला खरे करून घेणाऱ्या भाकिताची मांडणी केली, ती याच जातीची आहे. त्यामुळे 'अनकही'ला केऑसच्या चौकटीत सरळ बसविता येत नाही. लॉरेन्झच्या समीकरणांत कोणी ऐकणारा नसतो.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. ज्योतिषाचे गणित 'पहिली पत्नी' एवढेच सांगते. त्या जागी कोणी उभे राहावयाचे, हे माणसे ठरवितात. सुशिक्षित, शहरी, प्रेमात पडलेली सुषमा वाचते आणि ज्या मुलीच्या वतीने बोलणारे कोणी नाही ती त्या जागी उभी केली जाते. दैवावर अढळ श्रद्धा असल्याचे सांगणारे कुटुंब दैवाचा फटका मोठ्या कौशल्याने दुसऱ्याच्या अंगावर वळविते. नंदूला पुढे इंदूविषयी जे वाटू लागते, त्यामुळे हा व्यवहार अधिकच असह्य होतो. समीक्षकांनी या चित्रपटाकडे श्रद्धा विरुद्ध विज्ञान अशा साच्यातून पाहिले, तर हा भाग निसटतो.

ज्योतिषाच्या दाव्यांची महाराष्ट्रात प्रत्यक्ष चाचणीही झाली, हे येथे सांगितले पाहिजे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस देऊन मूल कोणत्या गटातील आहे ते ओळखण्यास सांगण्यात आले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांतील बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. नाणे उडवून ठरविले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास उत्तर आले असते. हे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 'अनकही'तील ज्योतिषी कधीच चुकत नाही ही चित्रपटाने घेतलेली कलात्मक सवलत होय, एवढे त्यावरून म्हणता येईल.

पोलिश दिग्दर्शक क्रिश्टॉफ किश्लोव्स्की यांच्या 'डेकलॉग' मालिकेतील (१९८८-८९) पहिल्या भागाशी 'अनकही'ची तुलना उद्बोधक ठरते. तेथे प्राध्यापक असलेला बाप संगणकावर तळ्यावरील बर्फाची जाडी मोजतो, मुलाला बर्फावर स्केटिंग करण्यास परवानगी देतो आणि बर्फ फुटते. पालेकरांचा ज्योतिषी आणि किश्लोव्स्कींचा प्राध्यापक यांची दैवते वेगळी असली तरी दोघांचाही विश्वास गणितावर आहे. फरक इतकाच की, प्राध्यापकाच्या चुकीची किंमत त्याच्याच घरात मोजली जाते.

एक डंख आणि एक काळी चिमणी

जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७) हा गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील चित्रपट ठाकर आदिवासींच्या श्रद्धाविश्वात घडतो. भगताचा मुलगा नाग्या पुण्यवंत होऊ इच्छितो. राणीमाशी दिसावी हा त्याचा ध्यास आहे. मधमाश्यांच्या डंखाने त्याचा एक डोळा जातो आणि भक्तीचे रूपांतर वैरात होते. लॉरेन्झच्या फुलपाखरापेक्षा नाग्याची माशी सह्याद्रीच्या मातीला अधिक जवळची आहे. एका डंखामुळे एका माणसाचे सारे आयुष्य दुसऱ्या दिशेला वळते, पण तो डंख त्याच्या कर्माचे फळ होता असे चित्रपट म्हणत नाही. नाग्याच विचारतो की, पाप केले नसताना शिक्षा का?

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) हा प्रश्न जातिव्यवस्थेच्या संदर्भात उभा राहतो. जब्या काळी चिमणी शोधत हिंडतो. तिची राख आवडत्या मुलीवर टाकली की ती वश होते, असे त्याने ऐकले आहे. या अंधश्रद्धेकडे पाहून हसणे सोपे आहे. परंतु जब्याच्या भोवतीचा समाज कसा आहे? तेथे आरंभीच्या अवस्थेतील सूक्ष्म फरकाने काही बदलत नाही. मुलगा अभ्यासात हुशार असो वा नसो, नवी विजार घेवो वा न घेवो, गावाला डुकरे धरावयाची वेळ आली की त्याला शाळा सोडून बापाबरोबर उभे राहावे लागते. जब्याचे भविष्य सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. गावातील कोणीही ते सांगू शकतो. केऑसच्या सिद्धान्ताला इतका विरोधी असा समाज क्वचितच दाखविला गेला असेल. काळी चिमणी ही या पोलादी व्यवस्थेत एखादे लहानसे कारण तरी मोठा परिणाम घडवील, ही जब्याची आशा आहे. अखेरीस चिमणीऐवजी त्याच्या हाती दगड येतो.

'देऊळ' आणि सारंगखेडा

नियमबद्ध पण कोणाच्याही ताब्यात नसलेली व्यवस्था कशी वाढत जाते, याचे सर्वांत नेमके चित्रण उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ' (२०११) या चित्रपटात आढळते. मंगरूळ गावातला केशा हरवलेली गाय शोधता शोधता माळावरच्या औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्ताचे दर्शन घडते. अण्णा त्याला हे मनातच ठेवण्याचा सल्ला देतात. तो पाळला गेला असता तर चित्रपट तेथेच संपला असता. बातमी फुटते. तरुणांना उद्योग मिळतो, पत्रकाराला बातमी, पुढाऱ्याला मतदार, बायकांना भजनमंडळ, दुकानदाराला गिऱ्हाईक. प्रत्येकाचे पाऊल समजण्यासारखे आहे, कोणीही खलनायक नाही. आणि तरीही गावासाठी योजलेले रुग्णालय मागे पडून देऊळ उभे राहते. प्रत्येक परिणाम पुढच्या फेरीत कारण होतो. गर्दीमुळे दुकाने येतात आणि दुकानांमुळे गर्दी वाढते. केशा स्वतः कंटाळून मूर्ती उचलतो आणि नदीत सोडतो, तरी त्या जागी दुसरी मूर्ती बसते. आरंभाचे कारण काढून घेतल्याने व्यवस्था थांबत नाही, ही गिरीश कुलकर्णी यांच्या पटकथेची मोठी जाण आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला.

नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाला मंगरूळपुढे सारंगखेडा आठवणे स्वाभाविक आहे. शहादा तालुक्यात तापीकाठी असलेल्या या गावी एकमुखी दत्ताचे देवस्थान आहे. अन्यत्र बहुधा आढळणारी मूर्ती त्रिमुखी असते. दत्तजयंतीला भरणारी यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी राज्याबाहेरही प्रसिद्ध आहे. येथेही श्रद्धा आणि बाजार एकत्र नांदतात. पण दोन्ही उदाहरणे एका मापाने मोजणे योग्य होणार नाही. सारंगखेड्याचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू घडला. त्यात व्यापारी, शेतकरी, घोडेवाले आणि भाविक यांचे परस्परांशी जुने व्यवहार आहेत. मंगरूळचे देऊळ काही महिन्यांत फुगते. 'देऊळ'मधील उपरोधाचा रोख श्रद्धेवर नसून या वेगावर आहे. अण्णा गाव सोडून जातात ते देवावर रागावून नव्हे.

नर्मदाकाठची दैनंदिनी

नियतीची भाषा देवळात आणि ज्योतिषाच्या घरातच बोलली जाते असे नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. तत्पूर्वीच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठच्या ३३ गावांचे भवितव्य एका आकड्याने ठरविले होते. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, निश्चित केली. डोंगरउतारावर विखुरलेल्या पाड्यांमध्ये या रेषेच्या वरचे घर आणि खालचे घर यांत कित्येकदा थोडक्या उंचीचाच फरक होता. परिणामातला फरक मात्र गाव राहणे आणि न राहणे इतका. हा केऑसचा परिणाम नव्हे, हे काटेकोरपणे सांगितले पाहिजे. पाणी कोठवर चढणार याचे गणित स्वच्छ होते. अनिश्चितता पाण्यात नव्हती, ती पुनर्वसनाच्या जमिनीत होती. तरीही या विस्थापनाविषयी बोलताना 'अपरिहार्य' हा शब्द सार्वजनिक चर्चेत इतका रुळला की तो कोणी तरी घेतलेला निर्णय होता हे विसरले जावे.

आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 'अ नर्मदा डायरी' (१९९५) हा माहितीपट या संदर्भात पाहिला पाहिजे. १९९० नंतरच्या काही वर्षांतील आंदोलन, महाराष्ट्रात सर्वप्रथम बुडितात आलेले मणिबेली आणि तेथील माणसे त्यात आहेत. विषयापेक्षा त्याचे रूप येथे महत्त्वाचे आहे. दैनंदिनी लिहिणाऱ्याला उद्याचे पान ठाऊक नसते. कथापटाचा दिग्दर्शक शेवट ठरवून सुरुवात करतो, म्हणून त्याच्या पडद्यावर प्रत्येक योगायोग लिहिलेला वाटतो. पटवर्धन आणि धुरू यांना तसे करता येत नव्हते. ज्या दिवशी चित्रण झाले त्या दिवशी पाणी किती चढेल, सरकार काय म्हणेल, न्यायालय काय ठरवील, हे चित्रण करणाऱ्यालाही माहीत नव्हते. नियतीचा शब्द जेथे सर्वाधिक वापरला जात होता, तेथेच चित्रपटाने तो नाकारण्याचे एक रूप शोधले.

श्रद्धेचाही प्रश्न येथे वेगळ्या रीतीने येतो. सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजाची याहा मोगी, गावोगावचे गावदेव आणि डोंगरातील देवस्थाने ही विशिष्ट जागांशी बांधलेली आहेत. केशाची मूर्ती नदीत गेल्यावर दुसरी आणता येते. गावदेवाला मात्र पुनर्वसन वसाहतीत भूखंड देता येत नाही. बुडाले तरी हटणार नाही अशी जी भूमिका मणिबेलीने घेतली, ती बाहेरच्या अनेकांना दैववादी किंवा आत्मघातकी वाटली. प्रत्यक्षात ती जिजाईच्या पायताणाच्या जातीची होती. समोर जे उभे आहे ते मान्य नाही, एवढे सांगण्यासाठी माणसे तेथे उभी राहिली होती.

जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी १९८५ मध्ये कर्ज मंजूर केले होते. आंदोलनानंतर बँकेला स्वतंत्र पुनरीक्षण समिती नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने जून १९९२ मध्ये प्रतिकूल अहवाल दिला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी कायमस्वरूपी तपासणी मंडळ स्थापन केले. सातपुड्यातील काही पाड्यांच्या हट्टामुळे वॉशिंग्टनमधील एका संस्थेचे नियम बदलतील, असे १९९० मध्ये कोणाच्या गणितात बसले नसते. धरणाचे गणित मात्र चुकले नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बांधकामास परवानगी दिली, धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. त्यानंतर हा माहितीपट पाहणाऱ्याला त्यातील प्रत्येक घराचे पुढे काय झाले हे ठाऊक असते. पडद्यावरील माणसे अजूनही त्याबद्दल वाद घालीत असतात.